एका नावाचा चौकोन

माझं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते कुणाचं, माझं की तिचं, हे पुन्हा सांगत बसावं लागेल. ती म्हणजे माझ्या मालकांची पहिली बायको. तिला मी कधी पाहिलं नाही.

१९९८ साली लग्न होऊन मी मुठा खोऱ्यात आले. माहेर भरे गावचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. मग धाकटी भावंडं सांभाळण्यात आणि आईच्या आजारपणात वय वाढत गेलं. बघायला आलेल्या माणसांनी काही विचारलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पोरगी मुकी आहे की काय, असं दारातच विचारून लोक परत जात. शेवटी बिजवराचं स्थळ आलं. बायको वारलेली, पदरी एक मुलगी, नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात. वडिलांनी मला न विचारता होकार दिला, आणि विचारलं असतं तरी मी मान खालीच घातली असती.

लग्नात नवरीचं नाव बदलायची आमच्याकडे रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. बाया भोवती जमल्या होत्या, काय नाव ठेवायचं यावर चेष्टा चालली होती. सासूबाई म्हणाल्या, "नाव तेच ऱ्हाऊ द्या."

"तेच म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

"आदीचीचं. रेशनकार्डावर तेच हाय, भांड्यांवर तेच हाय. आता कोण खोडीत बसलं?"

"बरंच झालं की," एक जाऊ हसून म्हणाली. "हाक मारताना भावजींची जीभ चुकायला नको."

मालकांनी तांदळात नाव लिहिलं. पटकन लिहिलं. त्या बोटांनी ते नाव आधी एकदा लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. बिजवराला दिलेल्या बाईने मेलेल्या सवतीचा टाक घालायचा असतो, म्हणजे ती नव्या संसाराच्या आड येत नाही म्हणतात. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाक नाही. सोनाराकडे असले टाक एकाच ठशाचे असतात, कुठलीही बाई मेली तरी तोच ठसा. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा घास आधी त्याला दाखवायचा, मग जेवायचं. मी ते सगळं केलं. त्याचा मला राग आला नाही. त्या घरात माझ्यासारखीच गप्प असलेली ती एकटीच होती.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. "ही तुजी मावशी," तिला सांगण्यात आलं. सावत्र आईला आमच्याकडे मावशीच म्हणतात. ती मला मावशी म्हणू लागली. मीही तिच्याकडून दुसऱ्या कुठल्या हाकेची वाट पाहिली नाही. मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. त्यानंतर दिवस गेले नाहीत.

ती वाचायला शिकली ती पुस्तकाआधी भांड्यांवर. हंडा, परात, डबे, तांब्या, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, नावाआधी सौ. आणि पुढे कुणाकडून भेट ते. एकदा मी मोरीपाशी भांडी घासत होते. ती शेजारी उकिडवी बसून म्हणाली, "मावशी, ह्ये तुजं नाव हाय का माज्या आईचं?"

"दोघींचं."

"मग भांडं कुणाचं?"

"तुझ्या आईचं. मी नुसती घासते."

तिने तो तांब्या उचलला आणि आत नेऊन आपल्या अंथरुणाच्या उशाशी ठेवला. तेव्हापासून पाणी प्यायची ती त्याच तांब्याने.

आई कशी गेली, हेही तिने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "हिरीवर पाय घसरला." थोरले दीर म्हणायचे, "हिरीवर पाय घसरला." शेजारीपाजारीही तेवढेच तीन शब्द बोलायचे, एक कमी नाही की एक जास्त नाही. मालक काहीच बोलत नसत. त्या विहिरीवर नंतर लोखंडी जाळी बसली आणि पुढे नळ आल्यावर तिकडे कुणी फिरकेना. तिच्या माहेरच्यांनी येणंजाणं तोडलं. जाताना लग्नातले फोटोसुद्धा घेऊन गेले. मुलीपाशी आईचं म्हणून तांब्या राहिला आणि माझ्या गळ्यातला टाक. लहानपणी ती कधीकधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो टाक दोन बोटांत धरून झोपायची.

अठरा भरल्यावर २००९च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, माण गावाला. तिच्या सासरची शेतं कंपन्यांत गेली होती. घरावर खोल्या चढवून त्यांनी कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. पाठवणीच्या वेळी सगळे दागिने मोजत होते, तेव्हा ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मावशी, तांब्या नेऊ का?" मी तो माझ्याच पिशवीतून काढून दिला. आधीच घासून ठेवला होता.

त्या दिवाळीला थोरल्या दिरांचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. तो पुण्यात कंपनीत होता. गुणी मुलगा. गेले काही महिने तो फोन करकरून सगळ्यांची नावं, जन्मसालं विचारत होता. घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर करतोय म्हणाला. थोरल्या दिरांच्या पडवीत स्टुलावर त्याने लॅपटॉप ठेवला आणि सगळी भावकी त्याच्या पाठीमागे गोळा झाली. झाड म्हणाला होता, पण पडद्यावर झाड नव्हतं. चौकोन होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा.

तलाठ्याकडे होती ती वंशावळ मी एकदा पाहिली होती. तिच्यात नुसते पुरुष. बापाखाली मुलगे, मुलग्याखाली मुलगे, जणू बाया कधी नव्हत्याच. या मुलाने मात्र सुना घेतल्या होत्या, लेकी घेतल्या होत्या, दिल्या घरी गेलेल्या आत्याही घेतल्या होत्या. बायांना फार कौतुक वाटलं.

"अगं, माजं बी नाव हाय की!"

"आत्या, जन्मसाल बरोबर हाय का? का वय चोरलंस?"

"चोरून काय करू, दात त्ये सांगत्यातच."

असं हसणं चाललं होतं. मग तो म्हणाला, "काकी, पुढं या ना. हे बघा तुम्ही."

मी पुढे गेले. मालकांच्या चौकोनाला लागून एक चौकोन होता. त्यात ते नाव, माझा नुकताच काढलेला फोटो, पदर डोक्यावर आणि मान दुसरीकडे. त्या दोन चौकोनांतून एक रेघ खाली गेली होती आणि त्या रेघेला मुलगी.

चौकोन एकच होता.

इतकी माणसं असताना माझ्याने बोलवतच नाही. मालक दाराला टेकून उभे होते. त्यांनी पडदा पाहिला आणि ते अंगणात गेले.

मुलाने ते सगळं मेलने नातेवाइकांना पाठवलं. पुण्याला, मुंबईला, एक चुलतभाऊ परदेशात होता त्याला, आणि माणला आमच्या जावयालाही. जावयाने वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोराच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं आणि घरातल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. रात्री मालकांच्या मोबाइलवर मुलीचा फोन आला. तो त्यांनी माझ्याकडे दिला.

"मावशी, माजी आई कुटं हाय?"

"काय झालं?"

"त्या चित्रात माजी आई न्हाई. तुजा फोटो हाय आन् खाली मी. सासूबाई म्हनत्यात, सावत्र सावत्र म्हनून रडत हुतीस, हितं तर सख्खी लिवलीया. जितीजागती आई हाय आन् मेली म्हनून सांगतीस. आमाला काय येडं समजलीस का, म्हनत्यात." ती रडत नव्हती. आवाज कोरडा होता. "मला तू नको झालीस आसं न्हाई, मावशी. पन ती कुटंतरी असू दे की. दुसरीकडं कुटंच न्हाई ती."

मी म्हटलं, बघते. असं काही बघणं मी आजवर कधी केलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मुलगा गावी आला तशी मी थोरल्या दिरांकडे गेले. जाताना मनात वाक्य जुळवून नेलं होतं, तेवढंच बोलले. "बाळा, तिथं चौकोन दोन पाहिजेत."

त्याला आधी कळेना. मग म्हणाला, "काकी, आईनं मला ते नाव दोनदा सांगितलं होतं. नवरा तोच, नाव तेच. मला वाटलं चुकून दोनदा आलंय. डुप्लिकेट होतं म्हणून एक काढून टाकलं."

त्याची काही चूक नव्हती. लहानपणापासून, ती गेली तेव्हाही, तो शिकायला मामाकडे होता आणि आमच्या घरात तिच्याविषयी कुणी बोलत नाही. मी सांगितलं, नाव एक पण बाया दोन. तो चकित झाला. "अरे! सॉरी. दोन मिनिटांचं काम आहे." त्याने लॅपटॉप उघडला. "त्यांचं मृत्यूचं साल? आणि इथं कारण पण टाकता येतं..."

कॉटवर पडलेले थोरले दीर उठून बसले. "ऱ्हाऊ दे त्ये."

"पपा, दोन मिनिटं..."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना. तुजी वंशावळ आता स्थळांकडं बी जानार. एका नावाच्या दोन बाया दिसल्या की लोकं इचारत्यात. पैली कुटं गेली? कशी गेली? हिरीचं नाव निघालं की पावनं चहा बी पीत न्हाईत. बाईमानूस एक दाव, बास झालं."

मग माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुज्या फोटोवर लोकं काय म्हनत्यात का? मग तुला काय त्रास हाय?"

मी घरी आले. रात्रभर एक शब्द डोक्यात घोळत राहिला. डुप्लिकेट. पौडच्या बाजारात डुप्लिकेट साबण मिळतो. डुप्लिकेट बॅटरी मिळते, ती दोन दिवसांत संपते. मूळ मालासारखंच वेष्टण, मूळ मालाचंच नाव, आणि आत दुसरंच काही. आता नाव आधी तिचं होतं. भांडी तिची, मुलगी तिची. मग डुप्लिकेट कोण?

सकाळी दिरांचा मुलगा आमच्या अंगणात मोटारसायकल पुसत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"बाळा, चौकोन एकच ठेवायचा ना?"

"पपा तसं म्हणतायत, काकी."

"मग तिचा ठेव. डुप्लिकेट मी आहे. मला काढ."

तो पुसायचा थांबला. "असं नका बोलू, काकी."

"साल सांगते. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीचं. फोटो माझा काढून टाक."

"मग तुम्ही कुठंच नसाल त्यात."

"मी हितं आहे की."

त्याने फडकं हँडलवर टाकलं. मग म्हणाला, "पपा ओरडतील."

"ते उघडून बघतात का?"

"नाही." त्याला हसू आलं, आणि मलाही. मग त्याने विचारलं, "त्यांचा फोटो आहे?"

फोटो नव्हता. मी गळ्यातला टाक काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच काढला. पदराने पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो पायरीवर उन्हात ठेवून मोबाइलने फोटो काढला. दोन ठिपक्यांचे डोळे, नाक नाही. "कारणाची जागा?" त्याने विचारलं. रिकामी ठेव म्हटलं. जे मला ठाऊक नाही ते मी कसं सांगणार? आणि ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत.

चार दिवसांनी मालक रात्रपाळी करून घरी झोपले होते, तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. मुंबईची त्यांची चुलतबहीण होती. इतक्या मोठ्याने रडत होती की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "दादा, वयनी गेल्या आन् तू कळवलं बी न्हाईस? आमी येवढं परकं झालो?" मुलाने नवं चित्र पुन्हा सगळ्यांना मेलने पाठवलं होतं आणि त्यात त्या नावापुढे मृत्यूचं साल होतं. तिने साल नीट पाहिलं नव्हतं, नाव तेवढं पाहिलं होतं.

मालक ऐकत राहिले. मग म्हणाले, "ही न्हवं. पैली." आणि फोन ठेवला.

ते भिंतीला टेकून बसले. मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी कधी उगारला नव्हता, तरी वाटलं. त्यांनी विचारलं, "साल काय लिवलंय?"

मी सांगितलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले. अकरा वर्षांच्या संसारात तिच्याविषयी आमचं झालेलं बोलणं एवढंच.

संध्याकाळी थोरले दीर आले. त्यांनाही दोन-तीन फोन गेले होते. चपला न काढता ते चौकटीत उभे राहिले.

"जितीजागती बाई मारून टाकली तुमी! लोकं सुतकाचं इचारायला लागली. आन् उद्या इचारलं कशी गेली, तर काय सांगू मी?"

मी भाकरी थापत होते. थापता थापताच बोलले. मोठ्याने बोलले नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"पाय घसरला म्हणून सांगा. तेच सांगता ना सगळ्यांना."

तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सुटला. थोरले दीर मालकांकडे बघत होते आणि मालक जमिनीकडे. मग दीर म्हणाले, "पोराला सांगतो, दोनी बी काढ म्हनून." आणि निघून गेले.

तसंच झालं. मुलाने मला फोन करून सांगितलं. त्याचा आवाज पडला होता. आता मालकांचा चौकोन एकटा आहे आणि त्याच्याखाली मुलगी. आईच्या जागी काही नाही. तलाठ्याच्या कागदासारखंच. तेव्हापासून थोरल्या दिरांकडे आमचं येणंजाणं कमी झालं. त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला मालकांना बोलावणं आलं, मला आलं नाही.

संक्रांतीला मी वाण घेऊन माणला गेले. विहीणबाई दारातच होत्या. आत भिंतीवर, देवाच्या फोटोंशेजारी, एक छापलेला कागद चिकटवला होता. मधल्या चार दिवसांत जे चित्र आलं होतं ते जावयाने भाडेकरूकडून छापून घेतलं होतं. त्या नावापुढे मृत्यूचं साल होतं, आणि वर टाकाचा फोटो.

विहीणबाई कागदाकडे आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाई, ह्यात तर तुमी मेलाय."

"व्हय," मी म्हटलं.

तिळगूळ हातावर घेऊन त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी मुलीला सावत्रपणावरून टोमणा मारला नाही, असं ती सांगते. दुसरे टोमणे मारतात.

मुलीने पाट मांडला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, हिरीवर खरं काय झालं हुतं गं?"

"मला ठाऊक नाही."

"माज्या बाला ठाऊक हाय?"

"असेल."

ती मान हलवून उठली आणि मला पाणी आणलं. त्याच तांब्यातून. तिच्या घरी घासायला राख नाही, तारेची घासणी आहे. त्यामुळे कोरलेले ठिपके झिजत चालले आहेत. नावातलं पहिलं अक्षर अजून लागतं. पुढचं ओळखीच्या माणसालाच वाचता येईल. मी पाणी प्यायले, तांब्या पालथा घातला आणि तिला म्हटलं, हा घासायला मोलकरणीकडे देऊ नकोस. तू स्वतःच घासत जा, हाताने, घासणी न लावता.